टेकडी विकायची तर कोणाला आणि कोणत्या अटींवर

अमेरिकेतील मोठ्या स्की कंपन्यांनी आपल्या ताब्यातील लहान, शहरांलगतच्या टेकड्या विकून टाकाव्यात की नाही, या प्रश्नाशी नाशिककराचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. माझा संबंध दोन बाजूंनी आला. मुलगी आणि जावई अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात राहतात आणि नातू शाळा सुटल्यावर अशाच एका टेकडीवर स्कीइंग शिकतो. शिवाय माझी सारी नोकरी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात गेली असल्यामुळे, एखादी मोठी संस्था ‘हे युनिट आम्हाला परवडत नाही’ असे म्हणू लागली की तो हिशेब कसा मांडला आहे हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. या विषयावर बरेच वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की बहुतेक लहान टेकड्या या कंपन्यांनी विकाव्यात. मात्र विक्रीच्या अटी नीट ठरवल्या नाहीत तर विकलेल्या टेकडीची अवस्था न विकलेल्या टेकडीपेक्षा वाईट होऊ शकते, आणि तशी ती झाल्याची उदाहरणे आहेत.

लहान टेकडी म्हणजे किती लहान, हे आधी सांगायला हवे. कोलोरॅडोतील वेल हा प्रसिद्ध डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे एक हजार मीटर उंच आहे. डेट्रॉइटजवळच्या माउंट ब्रायटनची उंची सुमारे ७० मीटर आहे. अशा उतारावरून खाली यायला एखादे मिनिट लागते आणि चेअरलिफ्टने वर जायला त्याहून अधिक वेळ जातो. तरीही संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात तिथे शाळांच्या बस येऊन उभ्या राहतात, मुलांच्या शर्यती होतात, आणि कामावरून परतणारी माणसे तासाभरासाठी वळतात. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी लिंडसी वॉन मिनेसोटातील बक हिल नावाच्या, जेमतेम शंभर मीटरच्या टेकडीवर शिकली, ही गोष्ट तिकडे पुन्हापुन्हा सांगितली जाते आणि ती खरी आहे. कमी उंचीचा एक फायदा असा की एका संध्याकाळी तोच उतार वीस-पंचवीस वेळा उतरता येतो, आणि शिकणाऱ्याला तेच हवे असते. आठवडाभराची सुट्टी, विमानाचे तिकीट आणि हॉटेल यांचा खर्च करून मोठ्या डोंगरावर जाणारा माणूस बहुधा आधी अशाच एखाद्या टेकडीवर पडत-धडपडत शिकलेला असतो.

मग वेल डोंगराची मालक असलेल्या वेल रिसॉर्ट्ससारख्या कंपनीला अशा टेकड्या का हव्याशा वाटल्या? त्याचे उत्तर सीझन पासमध्ये आहे. २००८ मध्ये या कंपनीने ५७९ डॉलरला ‘एपिक पास’ आणला. हिवाळा सुरू होण्यापूर्वी एकदा पैसे भरले की कंपनीच्या सर्व डोंगरांवर हंगामभर स्कीइंग करता येईल, अशी ती योजना होती. बर्फ पडो न पडो, पैसे आधीच जमा झालेले असतात. त्यामुळे कंपनीच्या उत्पन्नातील हवामानाची जोखीम एकदम कमी झाली. हा पास विकण्यासाठी मोठ्या शहरांजवळ दुकान हवे होते आणि लहान टेकडी हे ते दुकान ठरले. २०१२ च्या अखेरीस मिनियापोलिसजवळची आफ्टन आल्प्स आणि माउंट ब्रायटन या टेकड्या विकत घेण्यात आल्या. २०१६ च्या आरंभी शिकागो आणि मिलवॉकी यांच्यामधील विल्मॉट माउंटन आला. २०१९ मध्ये पीक रिसॉर्ट्स ही कंपनी सुमारे २६.४ कोटी डॉलरला घेतली तेव्हा एकाच व्यवहारात १७ स्की क्षेत्रे ताब्यात आली. याच कंपनीने २०१६ मध्ये कॅनडातील व्हिसलर ब्लॅककोम या एकाच ठिकाणासाठी एक अब्जाहून अधिक डॉलर मोजले होते. म्हणजे १७ ठिकाणांची मिळून किंमत त्या एकाच्या किमतीच्या जवळपास चौथा हिस्सा होती. आज या १७ पैकी काही विकल्या, तरी कंपनीच्या तिजोरीत मोठी भर पडणार नाही, हे लक्षात ठेवावे. विक्रीचा प्रश्न पैशापेक्षा व्यवस्थापनाच्या लक्षाचा आहे.

इथून पुढचा भाग माझ्या जुन्या व्यवसायाशी जुळणारा आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. पासचे पैसे एकाच खात्यात येतात. ते कोणत्या ठिकाणाच्या नावावर दाखवायचे, हा प्रश्न अशा प्रत्येक साखळीपुढे असतो. समजा एका कुटुंबाने घराजवळच्या टेकडीमुळे पास घेतला, हंगामात त्या टेकडीवर पंधरा संध्याकाळी काढल्या आणि मार्चमध्ये पाच दिवस कोलोरॅडोला जाऊन राहिले. पासचे उत्पन्न भेटींच्या प्रमाणात वाटले तर टेकडीच्या नावावर पाऊण हिस्सा जाईल. ठिकाणाच्या दर्जानुसार वाटले, म्हणजे जिथे दिवसाचे खिडकीवरचे तिकीट तीनशे डॉलरच्या पुढे गेले आहे त्या डोंगराचे वजन अधिक धरले, तर टेकडीच्या वाट्याला फारच थोडे येईल. हॉटेल, खानपान, भाड्याची साधने आणि शिकवणीचे वर्ग यांवर होणारा मोठा खर्च तर कोलोरॅडोतच जमा होतो. दोन्ही पद्धती हिशेबाच्या दृष्टीने समर्थनीय आहेत आणि दोन्हींतून एकाच टेकडीचे अगदी वेगळे चित्र निघते. म्हणून ‘लहान टेकड्या तोट्यात आहेत’ हे वाक्य मला नुसते ऐकून पटत नाही, आणि ‘लहान टेकड्यांवरच कंपनी चालते’ हे तिकडच्या स्थानिक अभिमान्यांचे वाक्यही पटत नाही.

याहून महत्त्वाची बाब टेकडी चालवण्याच्या प्रेरणेची आहे. स्वतंत्र मालकाच्या टेकडीवर मंगळवारी संध्याकाळी दिवे लागले नाहीत, तर त्या संध्याकाळचे पैसे बुडतात. म्हणून तो काहीही करून दिवे लावतो. पासच्या व्यवस्थेत मंगळवारचे पैसे मागच्या वसंतातच मिळालेले असतात. लिफ्ट चालू ठेवली तर चालकाचा पगार, वीज आणि गस्तीचा खर्च होतो. बंद ठेवली तर खर्च वाचतो आणि उत्पन्नात त्या दिवसापुरता काहीच फरक पडत नाही. नाराज माणूस पुढच्या वर्षी पास घेणार नाही, हा धाक असतोच. पण तो वर्षभर लांबणीवर पडलेला धाक आहे, आणि त्या परिसरातील सगळ्याच टेकड्या एकाच कंपनीच्या असतील तर तोही उरत नाही. यात कोणा व्यवस्थापकाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. आगाऊ पैसे घेणाऱ्या कोणत्याही धंद्यात हा ओढा असतो.

२०२१-२२ च्या हंगामात हे स्पष्ट दिसले. कंपनीने पासची किंमत २० टक्क्यांनी कमी केली, वीस लाखांहून अधिक पास विकले गेले, आणि त्याच हिवाळ्यात महासाथीनंतर कामगार मिळेनासे झाले. वॉशिंग्टन राज्यातील ‘स्टीव्हन्स पास’ (इथे पास म्हणजे घाट) या कंपनीच्याच ठिकाणी उतारांचा मोठा भाग बंद राहिला, तेव्हा चाळीस हजारांहून अधिक लोकांनी तक्रारीच्या निवेदनावर सह्या केल्या. कंपनीने पुढच्या हंगामासाठी किमान वेतन ताशी २० डॉलर केले, हेही नोंदवले पाहिजे. तिने प्रश्न ओळखला आणि पैसे टाकले. परंतु लोकांची मागणी मोठ्या प्रमाणावर संघटित झाल्यानंतर सुधारणा होणे वेगळे, आणि इंडियाना किंवा मिसूरीतील एखाद्या छोट्या टेकडीच्या शे-दोनशे कुटुंबांची तक्रार कोलोरॅडोतील मुख्य कार्यालयात ऐकली जाणे वेगळे. त्या कुटुंबांकडे चाळीस हजार सह्या कधीच जमणार नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. मध्य-पश्चिमेतील टेकड्या नैसर्गिक बर्फावर चालत नाहीत. तिथे बर्फ तयार करावा लागतो. त्यासाठी पाणी, दाबाची हवा, पंप, मैलभर नळ आणि प्रचंड वीज लागते, आणि हवेतील आर्द्रता धरून मोजलेले तापमान उणे दोन अंशांच्या आसपास किंवा खाली असावे लागते. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की आपल्याकडे द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात. तिथला टेकडीमालक त्याहूनही कितीतरी अधिक थंडीची वाट पाहत असतो आणि ती मिळेल त्या मोजक्या रात्रींत हंगामभराचा बर्फ करून ठेवतो. रात्री कमी झाल्या तर अधिक क्षमतेची यंत्रे लागतात. विल्मॉट घेतल्यावर वेल कंपनीने तिथे सुमारे १.३ कोटी डॉलर गुंतवले. एखाद्या कुटुंबाच्या मालकीच्या टेकडीला एवढे कर्ज कोणती बँक देईल, याचा अंदाज लेखापरीक्षकाला चटकन येतो. २०२३-२४ चा हिवाळा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नोंदींतील सर्वांत उष्ण ठरला आणि मध्य-पश्चिमेतील अनेक टेकड्यांचे त्यात हाल झाले. साखळीला असा हिवाळा सोसता येतो, कारण एका प्रदेशात बर्फ नसेल तेव्हा दुसऱ्या प्रदेशात असतो. अमेरिकेत १९८२-८३ मध्ये ७३५ स्की क्षेत्रे चालू होती. आज ती पाचशेच्या आत आहेत. बंद पडलेल्यांपैकी बहुसंख्य लहान होती, आणि ती कोणत्याही साखळीने गिळण्यापूर्वीच, विम्याचे वाढते हप्ते, जुनाट लिफ्ट आणि दोन-तीन वाईट हिवाळे यांनी बंद पडली. ‘स्थानिक मालक आला की सारे सुरळीत’ असे मानणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

विक्रीनंतर प्रत्यक्षात काय होते, याचे पुरावे बरेच जुने आहेत आणि ते एका दिशेने बोट दाखवत नाहीत. १९९७ मध्ये वेल कंपनीने ब्रेकेनरिज आणि कीस्टोन घेतले तेव्हा अमेरिकेच्या न्याय विभागाने, स्पर्धा टिकावी म्हणून, त्याच व्यवहारातील अरापाहो बेसिन हा डोंगर विकण्याची अट घातली. तो एका कॅनेडियन कंपनीने घेतला. नव्या मालकाखाली त्याने आपला स्वतंत्र स्वभाव जपला. अनेक वर्षे एपिक पासमध्ये भागीदार म्हणून राहिला आणि २०१९ मध्ये, गर्दी आणि गाड्या उभ्या करायला जागा नाही या कारणाने, त्यातून बाहेर पडला. स्वतःच्या पार्किंगची क्षमता पाहून ग्राहक कमी करण्याचा निर्णय मुख्य कार्यालय दूर असलेल्या कंपनीने घेतला असता, असे मला वाटत नाही. सक्तीच्या विक्रीचे हे यशस्वी उदाहरण म्हणता येईल. फक्त त्याचा शेवट असा की २०२४ मध्ये हा डोंगर अल्टेरा या दुसऱ्या मोठ्या साखळीने विकत घेतला.

अमेरिकन स्कीइंग कंपनीची कथा याहून बोधप्रद आहे. १९९६ मध्ये उभी राहिलेली ही कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली मोडली आणि २००७ च्या सुमारास तिचे डोंगर एकेक करून विकले गेले. माउंट स्नो आणि अटिटॅश पीक रिसॉर्ट्सकडे गेले आणि २०१९ मध्ये, वर सांगितलेल्या व्यवहारात, वेलकडे आले. किलिंग्टन आणि पायको हे डोंगर ‘पाउडर’ या आणखी एका स्की कंपनीकडे गेले आणि २०२४ मध्ये तिने ते पुन्हा विकले, या वेळी त्याच डोंगरांवर वर्षानुवर्षे येणाऱ्या पासधारकांच्या एका गटाला. व्हरमाँटमधील हेस्टॅक मात्र अमेरिकन स्कीइंग कंपनीने आधीच, २००५ मध्ये विकला होता, आणि पुढे तो सभासदांपुरता खासगी क्लब झाला. क्लबही २०१८ मध्ये बंद पडला, नंतर सभासदांनी तो लिलावात घेतला. आसपासच्या शाळेतील मुलाला त्या उतारावर सहज जाता येईल, ही शक्यता या साऱ्या हस्तांतरांत कधीच संपून गेली.

सर्वांत वाईट उदाहरणात मोठी कंपनी नाहीच. न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज शहराजवळ तीन टेकड्या होत्या. त्यांपैकी दोन चालवणाऱ्याने २०२१ मध्ये तिसरी, टॉगनबर्ग, विकत घेतली आणि लगेच बंद केली. तिचे ग्राहक उरलेल्या दोन टेकड्यांकडे वळावेत हा हेतू होता. राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२२ मध्ये खटला भरला आणि न्यायालयाने तो व्यवहार बेकायदा ठरवला. खरेदीदार स्थानिक होता, त्याला स्कीइंगची माहिती होती, आणि तरीही टेकडी गेली. ‘स्थानिक’ ही पात्रता पुरेशी नाही, असे मी म्हणतो ते यामुळे.

आपल्या जिल्ह्यातील वाचकाला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. निसाका आणि नासाका, म्हणजे निफाड आणि नाशिक हे सहकारी साखर कारखाने, वर्षानुवर्षे बंद राहिलेले आपण पाहिले. पुढे ते भाड्याने चालवायला देण्याचे निर्णय झाले, निफाडच्या जमिनीचा एक भाग ड्रायपोर्टसाठी देण्याचे ठरले, आणि राज्यात इतरत्र कित्येक सहकारी कारखाने कर्जापोटी सरळ विक्रीला निघाले. ज्या सभासदाचा ऊस त्या कारखान्यावर अवलंबून होता, त्याला विक्रीची किंमत किती आली यात फारसा रस नव्हता. गाळप होणार का, वजनकाटा कधी सुरू होणार, एवढेच तो विचारत होता. टेकडीच्या बाबतीतही जमिनीचा भाव हंगामाच्या नफ्यापेक्षा जास्त असू शकतो, विशेषतः शहर वाढत टेकडीच्या पायथ्याशी आलेले असेल तेव्हा. आणि मग सर्वाधिक बोली घरे बांधणाऱ्याची असते.

म्हणून विक्री करायचीच, तर काही गोष्टी करारातच लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या लिहून घेण्याची ताकद विकणाऱ्या कंपनीकडे आहे, कारण तिला त्या पैशांची फारशी निकड नाही. ठरावीक वर्षे त्या जागेचा वापर लोकांसाठी खुल्या स्कीइंगसाठीच होईल, असे बंधन असावे. उलट, विकणाऱ्याने आपल्या शेजारच्या ठिकाणाशी स्पर्धा होऊ नये म्हणून खरेदीदाराचे हात बांधणारी कोणतीही अट घालू नये. बर्फ करण्याची यंत्रे आणि लिफ्ट टेकडीसोबतच जाव्यात. चांगली यंत्रे आधी मोठ्या डोंगरावर हलवून नंतर सांगाडा विकायला काढणे ही फसवणूक आहे, मग कायदा तिला काहीही म्हणो. आणि पहिले दोन-तीन हंगाम मोठ्या कंपनीने आपल्या पासवर त्या टेकडीचे काही दिवस ठेवावेत व त्याचा मोबदला द्यावा. खरेदीदाराला सुरुवातीला खात्रीचे उत्पन्न मिळेल आणि कंपनीलाही त्या शहरातील आपले ग्राहक एकदम तुटणार नाहीत. पुढे स्वतंत्र टेकड्यांसाठीही आता व्यवस्था आहे: २०१९ मध्ये सुरू झालेला इंडी पास प्रत्येक सहभागी ठिकाणी दोन दिवस देतो आणि त्याचे उत्पन्न त्या ठिकाणांमध्ये वाटले जाते.

सहकाराचा मार्ग मला अर्थातच जवळचा आहे, परंतु त्याबद्दल भाबडेपणा नको. व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन १९९५ पासून तिथे येणाऱ्या स्कीअरांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. सभासदांनी आपली १९४८ ची एकेका माणसाला नेणारी चेअरलिफ्ट काढून टाकण्याऐवजी २००७ मध्ये तिचे नूतनीकरण केले. स्नोबोर्डला तिथे आजही परवानगी नाही. आपल्याला काय हवे हे ठाऊक असलेल्या आणि त्यासाठी भांडवल घालणाऱ्या सभासदांमुळे ते शक्य झाले. पण तो डोंगर सहाशे मीटर उंच आहे आणि त्याचे भक्त दूरदूरहून येतात. ७० मीटरच्या टेकडीला असे भक्त मिळत नाहीत. तिला मिळतात ती मुलांना सोडायला आलेली, घाईतली आणि हप्त्यांनी बेजार असलेली कुटुंबे. त्यांच्याकडून भागभांडवल उभे करणे अवघड आहे. अशा ठिकाणी गावाच्या किंवा जिल्ह्याच्या प्रशासनाने, जसे ते पोहण्याचा तलाव आणि मैदान सांभाळते तसे, टेकडी सांभाळणे मला अधिक व्यवहार्य वाटते. कोलोरॅडोतील नेडरलँड या छोट्याशा गावाने २०२५ मध्ये पाउडर कंपनीकडून एल्डोरा हे स्की क्षेत्र विकत घेण्याचा इरादा जाहीर केला, हे या संदर्भात लक्ष ठेवण्यासारखे आहे, जरी एल्डोरा मी बोलतो आहे त्या टेकड्यांपेक्षा पुष्कळ मोठे असले तरी.

कोणत्या टेकड्या आधी विकाव्यात, असे मला विचारले तर मी ओहायोचे नाव घेईन. तिथे क्लीव्हलँडच्या परिसरातील बॉस्टन मिल्स, ब्रँडीवाइन आणि अल्पाइन व्हॅली या तिन्ही टेकड्या, शिवाय राज्याच्या दुसऱ्या भागातील मॅड रिव्हर माउंटन, २०१९ च्या त्या एकाच व्यवहारात एकाच कंपनीकडे आल्या. मॅन्सफिल्डजवळची, १९६१ पासून चालू असलेली स्नो ट्रेल्स स्वतंत्र आहे, पण ती क्लीव्हलँडहून रोज संध्याकाळी जाण्याइतकी जवळ नाही. बॉस्टन मिल्स आणि ब्रँडीवाइन एकमेकींच्या शेजारी असून एकत्र चालतात; त्या जोडीने ठेवाव्यात. अल्पाइन व्हॅली वेगळी काढून वरच्या अटींवर विकावी. एवढ्याने क्लीव्हलँडच्या पालकांना तुलना करायला दुसरे दार मिळेल, आणि मंगळवारी संध्याकाळी दिवे लावायचे की नाही याचा विचार उरलेल्या दोन टेकड्यांच्या व्यवस्थापकालाही वेगळ्या रीतीने करावा लागेल. विल्मॉट मात्र मी विकणार नाही. तिथे पैसा गुंतलेला आहे, शिकागोसारखे महानगर जवळ आहे, आणि कंपनीला ती टेकडी चांगली चालवण्यात स्वतःचा उघड स्वार्थ आहे.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पुढच्या हिवाळ्याचे पास मार्चच्या सुमारास विक्रीला येतात आणि सुरुवातीची किंमत सर्वांत कमी असल्यामुळे कुटुंबे तेव्हाच पैसे भरतात. टेकडी विकण्याची घोषणा ऑगस्टमध्ये झाली, तर ज्यांनी त्या टेकडीसाठीच पास घेतला त्यांच्या हाती दूरच्या डोंगरांचा पास उरतो. विक्रीचा निर्णय फेब्रुवारीच्या आत जाहीर करावा, आणि तसे जमले नाही तर त्या शहरातील पासधारकांना पूर्ण रक्कम परत मिळावी.